कॅमेऱ्यावरचं कुंकू

५ ऑक्टोबर, रविवार

कॅमेरा अडकला! बटण दाबलं की दिवा लागतो, भिंग अर्धं बाहेर येतं, करकरतं आणि तिथेच थांबतं. ना पुढे, ना मागे.

शेजारची छबूबाई सकाळपासून ओट्यावर बसून. नवं पातळ, केसांना तेल. तिचा फोटो काढायचा होता. नंदुरबारच्या डॉक्टरांनी तिच्या पोटात गाठ सांगितली आहे. काढून टाकली तर बरी होईल, म्हणाले. ही ऐकत नाही. "सत्तर पावसाया देखात. आते कापाकापी नको. भीतवर लावाले एक मोठा फोटू काढी दे, बस." तिच्याकडे फोटो एकच, आधारकार्डावरचा. "त्याम्हा मी चोट्टी दिखस!"

मोबाईलवर काढते म्हटलं. नाहीच. "पितांबरभाऊना कॅमेराम्हाच काढ."

ह्यांनी साखर कारखान्यातून सुटल्यावर हाच नाद लावून घेतला होता. गावातल्या भिंतींवर हार घातलेले निम्मे म्हातारे ह्यांनीच काढलेले. हा कॅमेरा दोन वर्षांपूर्वी ऑनलाईन मागवलेला. ह्यांचा स्वतःचा फोटो मी काढला, ह्याच कॅमेऱ्यात. सात महिने झाले, तोच आता भिंतीवर आहे.

जाऊ कोकिळा दारातूनच म्हणाली, "दसराले तूच कुकू लावं ना वं त्याले? मी तवयच सांगेल व्हतं."

हो, मीच लावलं. गावात दसऱ्याला कोणी ट्रॅक्टर पुजतं, कोणी विळा. हे कॅमेरा पुजायचे. यंदा पूजा चुकू नये म्हणून मी केली. विधवेच्या हातात कुंकवाची वाटी! कोकिळा बघत होती म्हणून जरा जास्तच लावलं. भिंगाच्या कडेलासुद्धा.

आत गेलं असेल का?

६ ऑक्टोबर

उन्हात धरून पाहिलं. कड्याच्या फटीत लाल दिसतं. किती खोल, ते कळत नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

शहाद्याला जालमसिंगच्या दुकानात गेले. मोबाईल, कॅमेरे, रेडिओ, सगळं उघडतो. ह्यांचा चांगला ओळखीचा. कॅमेरा हातात घेतला, कानाशी धरला, हलवला. डॉक्टरसारखं तोंड केलं.

"मावशी, मी उघाडसू ते पाच मिनिटमा समजी जाई. पन एकदाव स्क्रू फिरना का कंपनीनी वॉरंटी गयी."

"मग वॉरंटी आहे का ते सांग."

"ते माले काय माहीत? ऑनलाईन लिधा ना! गावना दुकानमा लिधा असता तर त्याना दारसे जाईसन बसतू. आते कोना दारसे बससू?"

बरंच समजावलं त्याने. ऑनलाईन विकणारे काही जण माल परदेशातून परस्पर आणतात. तसल्याला इथली कंपनी हात लावत नाही. काही वेळा वॉरंटी विकणाऱ्याची असते, कंपनीची नाही. कॅमेऱ्याच्या पोटावर नंबर असतो, तो कंपनीला विचारायचा. दोन वर्षं हा कॅमेरा घरात, आणि त्याला नंबर आहे हे मला माहीत नव्हतं. बारीक, मुंगीएवढा. दोनदा वहीत उतरवला.

८ ऑक्टोबर

खोक्यात बिल सापडलं, ह्यांनी प्लास्टिकमध्ये घालून ठेवलेलं. वॉरंटीची पुस्तिकाही. चौदा भाषा, मराठी नाही! हिंदी पानं धरली, अडलं की इंग्रजी पान आणि शब्दकोश. शाळा चौथीपर्यंत. पण खताच्या गोणीपासून औषधाच्या चिठ्ठीपर्यंत हाती येईल ते वाचत आलेय, ही कोणती मोठी गोष्ट?

दोन वर्षांची आहे. ११ नोव्हेंबरला संपते. महिना उरला.

वाचता वाचता गंमत वाटली. बनवतानाचा दोष असेल तर भरून देणार. वापरणाऱ्याची चूक असेल तर नाही. पडला, भिजला, वाळू गेली, पूड गेली, तर नाही. युद्ध, पूर, भूकंप, नाही. आणि शेवटी "दैवी प्रकोप", तोही नाही! कोकिळाला हे वाचून दाखवायला नको.

म्हणजे प्रश्न एवढाच, दोष त्याचा की माझा? गेले तीन दिवस मी मनाला हेच विचारते आहे. कंपनीकडे त्याचं उत्तर मिळतं हे माहीत नव्हतं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

कंपनीला फोन. हिंदीसाठी दोन दाबा. वीस मिनिटं गाणं ऐकलं. मग एक बाई आली. नंबर सांगितला. "हाँ, ये हमारा ही है, वॉरंटी में है." ओरडणार होते आनंदाने!

मग म्हणाली, बिल पितांबरजींच्या नावावर आहे, त्यांच्याशी बोलणं करून द्या.

मी म्हटलं, "वो बाहर गये हैं."

ती म्हणाली, ठीक आहे, आल्यावर सांगा. पिनकोड विचारला. आपल्या जिल्ह्यात त्यांची दुरुस्ती नाही, जवळात जवळ सुरत. आणि गावातल्या कुणाकडून उघडू नका.

फोन ठेवला. बाहेर गेलेत! असं कसं म्हटलं मी?

१३ ऑक्टोबर, सोमवार

सुरतला जाऊन आले. सकाळच्या एस.टी.ने, एकटी. कॅमेरा मांडीवर, टॉवेलात गुंडाळून. शेजारच्या बाईला वाटलं, आत देव आहे. तिने हात लावून कपाळाला लावला.

काउंटरवर रिना नावाची मुलगी. पांढरे हातमोजे. आतली पूड की बाहेरची, हे बघायला तिच्याकडे दुर्बिणीसारखं यंत्र. एका डोळ्याने पाहिलं आणि म्हणाली, "माजी, आ लाल शुं छे? कंकु?"

धूळ म्हणता आलं असतं. शेतातली माती म्हणता आलं असतं. आपल्याकडची तांबूस असते, खपून गेलं असतं. पण मग खरं काय ते मला कधीच कळलं नसतं. म्हटलं, कुंकूच आहे. दसऱ्याला मी लावलं. पूजेला.

ती इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "ये नहीं बोलना था, माजी. अब लिखना पड़ेगा." लिहिलंही. मी वाकून वाचलं. "पूजा का पाउडर." बरोबर लिहिलंय.

विचारलं, उघडताना उभी राहू का? नाही म्हणाली. मग म्हटलं, आत काय निघतं ते मला फोन करून सांगा. वॉरंटीत बसो न बसो. ती हसली. "आप तो खुद ही टेक्नीशियन हो!"

येताना मांडी रिकामी. टॉवेल तसाच गुंडाळून धरून बसले होते.

१७ ऑक्टोबर

फोन नाही. कोकिळा विचारून गेली, "काय सांगं मंग कंपनीनी?" तिला माझ्यापेक्षा घाई.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

छबूबाईने एक करंजी खाल्ली आणि पोट धरून बसली. म्हटलं, चल डॉक्टरकडे. म्हणाली, "फोटू पहिले."

२५ ऑक्टोबर, शनिवार

रिनाचा फोन! आतल्या एका बारीक चाकाचा दात तुटलाय. त्या खेपेच्या आणखीही कॅमेऱ्यांत तसंच झालंय म्हणे. चाकच कच्चं होतं. कुंकू? फक्त बाहेरच्या फटीत. आत कणसुद्धा गेला नाही. "मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट, माजी. आपकी कोई गलती नहीं."

म्हटलं, पुन्हा सांग. तिने सांगितलं. म्हटलं, कागदावर देशील? देते म्हणाली.

तशीच कोकिळाच्या घरी गेले. ती भाकरी थापत होती. ऐकून घेतलं, तव्यावरची उलटवली. "मंग देवले तुन्ही पूजा आवडनी म्हनानं," म्हणाली. वीस दिवस काय म्हणत होती, आणि आता हे! मला हसू आलं. तिलाही आलं.

पुढचं तिला सांगितलं नाही. ते चाक आता बनत नाही. दुरुस्ती होणार नाही. बदल्यात तसाच नवा देणार, जुना कंपनीकडे राहणार. दुरुस्ती वॉरंटीत बसते का, बसते का, हेच मी विचारत राहिले. बसली म्हणजे काय होतं, हे विचारलंच नाही.

२७ ऑक्टोबर

रिनाला अजून हो म्हटलं नाही. जुना तसाच परत मागितला तर देतील. बंद.

त्याच्या उजव्या बाजूचं रबर ह्यांच्या अंगठ्याने गुळगुळीत झालंय. नव्याला ते नसणार. छबूबाईला सांगितलं. वाटलं, ती तरी म्हणेल ठेव.

तिने पान तोंडात सारलं. "जसोदा, तो गया, बाई. मी शे आजून. मन्हा फोटू कोन काढी? त्याना अंगठा?"

राग आला. उठून घरी आले. दुपारभर राग होता. मग रिनाला फोन केला.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

सुरत. रिनाने जुना समोर ठेवला, एकदा बघून घ्या म्हणाली. गुळगुळीत जागी माझा अंगठा ठेवून पाहिला. मावला, वर जागा उरली.

तिने विचारलं, बिलावरचे साहेब आले नाहीत?

"वारले," म्हटलं. "मार्चमध्ये." सही केली.

नवा हलका वाटतो. वजन पुस्तिकेत पाहिलं, तेवढंच आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

परवा छबूबाईचा फोटो काढला, आज शहाद्याहून मोठा छापून आणला. तिने तो दोन्ही हातांनी धरून उजेडात नेला. पुष्कळ वेळ बघितला. मग म्हणाली, "ही बाई काय मराले टेकेल नई दिखत."

आणि माझ्याकडे वळून— "नंदुरबारनी गाडी कितला वाजता शे वं?"