मोटारखान्याची जमीन

मोताळा,
चैत्र वद्य नवमी

आदरणीय व्याही भगवंतराव यांस मोताळ्याहून उकंडरावाचा दोन्ही हात जोडून रामराम. विहीणबाईंनाही सांगावा (त्यांना आधी सांगितलात तर जास्त बरं, घरात कुणाचं चालतं ते आम्हालाही कळतं). इकडे सगळे खुशाल आहेत. तुमच्या गुडघ्याला एव्हाना उतार पडला असेल, कारण आमची सुलभा, म्हणजे आता तुमची सूनबाई, तेल फार छान जिरवते. ती इथं होती तोवर माझी पाठ कधी दुखली नाही. आता दुखते. पण ते सांगायला हे पत्र नाही. हे पत्र जमिनीबद्दल आहे.

जमीन म्हटल्यावर दचकू नका, शेताची वाटणी वगैरे काही नाही. आमच्या मोटारखान्याची जमीन. माझ्या वडिलांनी एकेकाळी हौसेनं एक जुनी मोटार घेतली होती, तिच्यासाठी त्यांनी घराच्या अंगाला ही सिमेंटची जमीन असलेली खोली बांधली. मोटार दोन पावसाळे चालली, मग तिच्यात कोंबड्या अंडी घालायला लागल्या, मग ती भंगारात गेली. खोलीचं नाव तेवढं मोटारखाना राहिलं, जरी तिच्यात आम्ही सरकी आणि गुरांची ढेप ठेवतो. गेल्या आखाजीला, म्हणजे तुमच्याकडच्या अक्षय्य तृतीयेला, आपले चिरंजीव वैजनाथराव, म्हणजे आमचे जावईबापू, सुलभाला घेऊन नव्या फियाटीतून आले तेव्हा मीच ऐटीत म्हणालो, या, आपल्याकडं गाडीला स्वतंत्र खोली आहे. पुढचं आपल्याला ठाऊकच आहे. पुढचं चाक जमिनीतल्या खड्ड्यात गेलं, गाडीचं पोट सिमेंटच्या कडेवर आपटलं आणि तिचं सगळं तेल आमच्या जमिनीनं पिऊन टाकलं. ट्रॅक्टरला बांधून गाडी मलकापूरला मिस्त्रीकडं न्यावी लागली आणि पोरगी आली त्याच दिवशी परत गेली. तिचा आमरस वाटीत तसाच राहिला. (तो नंतर मी पिलो. गोड लागला नाही.)

दिवाळीला आपलं कार्ड आलं की गाडी ठेवायला धड जागा नसताना येणं कसं जमणार, आणि सुनेला एस.टी.च्या गर्दीत धाडणं आमच्या घराला शोभत नाही. वाचून मला राग आला नाही. (सुलभाची माय म्हणते, आला होता, तुम्ही तांब्या फेकला. तांब्या हातातून निसटला होता. अंगणापर्यंत निसटला, एवढंच.) पण दिवाळी गेली, संक्रांत गेली, आणि पोरीच्या पायाची धूळ काही घराला लागली नाही. तेव्हा मी ठरवलं की या आखाजीला कुणाला नाव ठेवायला जागा ठेवायची नाही. मोटारखान्याची जमीन अशी करायची की तुमच्या नाशिकात कुणाकडं नसेल, आणि करायची ती स्वतःच्या हातानं. गवंडी बोलावला नाही, कारण गाडी खड्ड्यात गेली तेव्हा तो फार हसला होता.

आधी छिन्नी-हातोडा घेऊन खड्ड्याच्या कडा फोडल्या. पोकळ वाजेल तेवढं सगळं काढायचं ठरवलं, तर अर्धी खोली पोकळ वाजायला लागली. उरलेली अर्धी मी रागानं ठोकल्यावर वाजायला लागली. सिमेंट परमिटवर मिळालं, त्यातलंही निम्मं ढेकळं होऊन आलेलं, ते मुसळानं कुटून चाळलं. रेती कालवून माल भरला, थापीनं सारखा केला, वर ओली पोती टाकून रोज पाणी मारत बसलो. शेजारचे इंद्रभान कुंपणावरून पाहत होते. म्हणाले, ‘काऊन बे उकंडा, ढोरं तहानले अन् तू सिमेंटले पाणी पाजून राह्यला?’ मी म्हणालो, जावयाची गाडी येणार आहे. तर म्हणतात, ‘मंग गाडी पाणी पिते का?’ असल्या माणसाशी काय बोलावं! मी पोती भिजवत राहिलो.

सिमेंट पक्कं झालं. मग तेजाबानं घासून मागच्या वर्षीचे तेलाचे डाग काढले, धुतलं, चांगलं वाळू दिलं. जमीन इतकी कोरडी आणि स्वच्छ झाली की मी चप्पल बाहेर काढून आत गेलो. वैजनाथरावांनी गाडी ट्रॅक्टरला बांधताना डिकी हलकी करायला रंगाचे दोन डबे इथं ठेवले होते. त्यांच्या कारखान्यात जमिनीला लावतात तोच हा रंग, इपॉक्सी का काय म्हणतात तो. लावला की म्हणे जमीन काचेसारखी होते, तेल पीत नाही, घणानंही फुटत नाही. पण जमिनीवर आधी कणभर धूळ किंवा थेंबभर ओल नको, असं त्यांनी बजावलं होतं. आणखीही काहीतरी बजावलं होतं, पण तेव्हा सुलभा गाडीच्या खिडकीतून पाहत होती आणि माझं अर्धं लक्ष तिच्याकडं होतं. अर्धं म्हणजे सगळंच.

तर जमीन वाळली म्हणून मी जेवून जरा आडवा झालो. उठून पाहतो तर मोटारखाना हिरवागार! सुलभाच्या मायनं सगळी जमीन शेणानं सारवून, कडेनं बोटांची वेलबुट्टी काढून ठेवली होती. मी ओरडलो. ती शांतपणे हात धूत म्हणाली, ‘मंग काय तशीच ठेवू? पोरगी येऊन राह्यली अन् जमीन अशी पांढरीफटक, सुतकाच्या घरासारखी? माह्याच्यानं नाही पाह्यवत.’ आता हिला कारखान्याच्या गोष्टी काय सांगाव्या! तिच्या हिशोबानं ज्या जमिनीवरून लेकीचं पाऊल जाणार ती सारवलेलीच पाहिजे, मग वरून ती सिमेंटची असो की सोन्याची. मी पुन्हा धुतली, पुन्हा वाळवली. दुसऱ्या सकाळी आत सडा आणि वर रांगोळी. तेव्हा मोठं भांडण झालं आणि शेवटी असा तह झाला की अंगण तिचं, मोटारखाना माझा. पण खरं सांगू का भगवंतराव, ती बोटांची वेल माझ्याच्यानं पुसवत नव्हती. सुलभा एवढीशी होती तेव्हा मायच्या मागं उकिडवी बसून अशीच वेल काढायची. तिची वेल नेहमी डावीकडं कलायची. मी मग तेवढा कोपरा सगळ्यात शेवटी धुतला.

रंग लावायला घेतला. एक डबा मोठा, एक लहान. मी म्हटलं मोठा लावू, कमी पडला तर लहान आहेच. मोठ्यातला थोडा घेऊन एक पातळ हात मारला आणि वाळायची वाट पाहत बसलो. भर चैत्राचं ऊन, पापड तासात वाळतात, पण हा रंग काही वाळेना. आज नाही, उद्या नाही. एक कोंबडी आत शिरली, तिला सोडवून काढली तेव्हा तिच्या शेपटीची निम्मी पिसं जमिनीनं ठेवून घेतली. सुलभाची माय म्हणाली, ‘मीनं सारवलं होतं ते घंट्याभरात वाळलं होतं.’ मी चष्मा लावून डब्यावरचं इंग्रजी अक्षर अक्षर लावत वाचलं, तेव्हा कळलं की दोन्ही डबे एकमेकांत कालवायचे असतात, त्याशिवाय मोठा डबा जन्मात वाळत नाही, आणि एकदा कालवले की मग तो कुणासाठी थांबत नाही. हेच वैजनाथराव खिडकीपाशी सांगत होते तर!

घासलेट आणि खुरपं घेऊन तो चिकटा खरवडून काढायला किती मेहनत पडली ते लिहीत नाही (लिहायला बसलो तर आपल्याला आमची दया येईल, आणि ती आम्हाला नको). मग उरलेला मोठा डबा आणि अख्खा लहान डबा घमेल्यात ओतून ढवळला. आमच्याकडचं ऊन नाशिकसारखं मवाळ नाही. पाहता पाहता घमेलं गरम लागायला लागलं. मी घाबरलो, कुंचा उचलला आणि आतल्या भिंतीपासून दाराकडं लावत सुटलो. मान वर करायला सवड नाही. मध्ये माळ्याला लावलेली शिडी आडवी येत होती, ती उचलून बाहेर टेकवली आणि पुन्हा खाली वाकलो. शेवटचा हात उंबऱ्यापाशी मारला, घमेल्यात कुंचा दगडासारखा उभा राहिला, आणि मी पाठीवर हात ठेवून सरळ झालो. काय जमीन झाली हो! निळसर राखाडी, तळ्याच्या पाण्यासारखी स्थिर. इतक्यात वरून आवाज आला, ‘अवो, शिडी कुठी गेली?’

सुलभाची माय माळ्यावर होती. सुलभाच्या आखाजीच्या झोक्याची पाटी आणि दोर शोधायला केव्हाची वर चढली होती, आणि माझा तोंडाचा पट्टा नको म्हणून बोलली नव्हती. मी ओरडलो की खाली पाय टाकशील तर खबरदार. मग काय, दुपारभर ती माळ्यावर आणि मी उंबऱ्यावर. मी पाण्यानं भरलेली भोपळ्याची तुंबडी दोराला बांधून वर फेकली, ती तिसऱ्यांदा झेलली गेली. इतकी वर्षं संसार झाला, पण एवढा वेळ समोरासमोर बसून आम्ही कधी बोललो नव्हतो (तिला जाता येत नव्हतं आणि मला जायची लाज वाटत होती). आधी ती मला खूप बोलली. मग झोक्याची पाटी मांडीवर घेऊन पदरानं पुसत राहिली. मग म्हणाली, ‘मले जमीन नाही पायजे अन् गाडीबी नाही पायजे. मले माही पोरगी पायजे. चार दिस. काई काम नको करू म्हणा, निस्ती झोपली तरी चालते. मी तिच्या उशाशी बसून राहीन.’ आणि ती वर रडायला लागली. माझ्या आणि तिच्या मध्ये तेवढा ओला रंग. शिडी लावून जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवावा तर जमीन बिघडते. भगवंतराव, मी गेलो नाही. त्या जमिनीचा मले तेव्हा इतका संताप आला की पुन्हा छिन्नी घ्यावी वाटली. (मले लिहिलं गेलं. राहू द्या, खोडत नाही.)

दिवेलागण झाली. घरात दिवा लावायला बाई माळ्यावर, हे काही तिला पटेना. म्हणाली, शिडी टाका, मी उतरते, तुमची जमीन गेली खड्ड्यात. मी उंबऱ्यातच उभा राहून शिडी आत माळ्याला टेकवली. ती उतरली आणि तरातरा दारापर्यंत आली. दारात येऊन मागं पाहते तर अर्धवट वाळलेल्या रंगात तिची पावलं उमटलेली, सगळी बाहेरच्या दिशेनं. झालं! घरातली लक्ष्मी बाहेर निघून गेल्यासारखी पावलं, आणि तीही लेक यायच्या तोंडावर! तिनं कपाळावर हात मारला, वळली, आणि मी अडवायच्या आत पावलं आतल्या दिशेनं उमटवत थेट भिंतीपर्यंत गेली. तिथं पोचल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण पुन्हा आतच आलो. आम्ही एकमेकांकडं पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदा ती हसली. शेवटी ती भिंतीकडं तोंड करून उलटी चालत बाहेर आली, म्हणजे तीही पावलं आतच जाणारी. शेवटच्या पावलाला मी मागून तिला धरलं, नाहीतर ती उंबऱ्यावर आदळली असती. सकाळपर्यंत रंग लोखंड झाला होता. ती पावलं आता घणानं निघणार नाहीत. गाडी त्यांच्यावरून न्यायला आमची हरकत नाही, जरा सावकाश न्यावी असं तिचं म्हणणं आहे.

तर असा एकूण वृत्तान्त. जमीन तयार आहे, खड्डा नाही, तेल सांडलं तर फडक्यानं पुसता येईल. चिरंजीव वैजनाथरावांस अनेक आशीर्वाद, विहीणबाईंस पुन्हा रामराम, आणि सुलभाला काय लिहू? तिला सांगा, माय बरी आहे.

आपला लोभांकित,
उकंडराव

ता.क. एक गोष्ट लपवत नाही. जमीन इतकी गुळगुळीत झाली आहे की काल मी तिच्यावर दोनदा आपटलो. फियाटीला ब्रेक आहेत, मला नाहीत, म्हणून गाडीला धोका नसावा.

आणखी ता.क. वैजनाथरावांना कारखान्यातून सुटी नसेल तर गाडी नाही आली तरी चालेल. आम्ही मनाला लावून घेणार नाही. मोटारखान्यात पुन्हा ढेप ठेवू. सुलभा आली म्हणजे झालं. एस.टी. वाईट नसते हो.

शेवटचं ता.क. पत्र पोस्टात टाकायला निघालो तर सुलभाची माय म्हणाली, ‘पत्र जाईन, त्याइचं कार्ड येईन, तवरोक आखाजी होऊन जाईन. पह्यले सासरी लेकीले आणाले माहेरचा मुराळी जाये. तुमीच काऊन जात नाही?’ इतके दिवस मी सिमेंट कालवत होतो आणि ही साधी गोष्ट मले सुचली नाही! तेव्हा मलकापूरहून रेल्वेत बसलो आहे. या ओळी डब्यात लिहून राह्यलो, अक्षर हलतं आहे, माफी असावी. पत्र मीच तुमच्या हातात देणार आहे, कारण तोंडानं मागायला गेलो की मी भलत्याच गोष्टी बोलायला लागतो. तुम्ही इथवर वाचलंत म्हणजे मी तुमच्या समोरच बसलेलो आहे. माझ्याकडं पाहू नका. चहाबी नको. सुलभाले तेवढा आवाज द्या.