चौगुल्याचे दोन कर्णे

मंगळ., ८ डिसें. १९०८
नेमू चौगुल्याने मुंबईहून फोनो आणला. गुळाची अडत बापाची, शौक पोराचा. मशीन गाणं वाजवतं, तसं मेणाच्या नळीवर उतरवूनही घेतं म्हणे. आमच्या बुवांचं गाणं उतरवायचं ठरलंय. नळी मुंबईच्या कंपनीकडे जाणार, तिथे पसंत पडली तर बुवांना बोलावणं. बुवा खूश. मला कोणी विचारलं नाही. बावीस वर्षं त्यांच्या उजव्या हाताला तबला घेऊन बसतोय, पण विचारतो कोण.
चौ. मला तबलजी म्हणतो. दस्तगीर हे नाव त्याला चांगलं ठाऊक आहे.

गुरु., १०
वखारीमागच्या खोलीत सुरुवात. गुळाचा वास, माश्या. चौ.ने टेबलावर दोन कर्णे मांडले. एक पितळी, तोंड परातीएवढं. एक पत्र्याचा, लांब, निमुळता. कुठला कशाला, हे त्यालाच माहीत नाही. "पितळी झ्याक दिसतोय की!" दिसायला? कर्णा काय मिरवणुकीत न्यायचाय?
पितळी लावला. ऐकलं तर माझा तबला जिन्यावरून नारळ गडगडावेत तसा, आणि बुवा कुठेतरी विहिरीच्या तळाशी. चौ. म्हणतो, "तबलजी, लई बडवताय तुमी." बडवतो! बुवा हसले. चौगुल्याचं काही नाही, बुवांनी हसायला नको होतं.

शुक्र., ११
थंडीने मेण कडक, सुई किंचाळते. चौ.ने नळ्या शेगडीपाशी ठेवल्या, दोन वितळल्या. मला आनंद झाला, खोटं कशाला लिहू.
कर्ण्यामागे काचेची चकती असते. पातळ बसवली की तबल्याने सुई उडते. जाड बसवली की तबला नीट, बुवा मुके. मी म्हटलं जाड ठेवा. चौ. म्हणाला, "मग बुवा कशाला, तुमीच गावा की." पातळ बसवली. मी दोन हात मागे सरकलो. मग आणखी दोन. शेवटी भिंत आली.
परत येताना बुवा वाटेत कंपनीचंच बोलत होते. मी हूं हूं केलं.

रवि., १३
पितळी बाद, पत्र्याचा आला. त्यात बुवांना जवळजवळ तोंड घालून गावं लागतं. गडमुडशिंगीच्या जत्रेत पाटलासमोर मान न झुकवलेला माणूस, गव्हाणीत बैल वाकतो तसा वाकला. बघवेना. पण आवाज असा स्वच्छ उतरला की मला रागच आला. दमेकरी छातीतला तो बारीक कंपसुद्धा आला. तबला मात्र खोलीत पाल चुकचुकावी तेवढा, आणि तेवढ्यानेही सुई हलते म्हणे.
"तबलजी पल्याडच्या खोलीत बसू देत. दार लावून."
मी बुवांकडे बघितलं.
"बस की रं घटकाभर. मशीनचं हाय त्ये, माझं न्हाय."
दार बुवांनी स्वतः ओढून घेतलं.
घरी खैरूनला सांगितलं. "मग जाऊ नका की उद्यापासनं." तिला बोलायला काय जातंय. भाकरी तशीच ठेवून उठलो.

मंगळ., १५
गेलो नाही. ताप आहे असं कळवलं. ताप नव्हता. चौ.चा उलट निरोप, तबल्यावाचून भागतंय का बघतो. भागू दे. मशीनला कीड लागो.
भागलं नाही. बुवांची लय सुटत गेली, असं संध्याकाळी कळलं. उद्या बोलावलंय. जाणार. मलाच माझी चीड येते.

बुध., १६
दारामागे बसून वाजवलं. फटीला कान लावला, एक डोळा मिटला, वाजवत राहिलो. बुवांना माझं ऐकू जात होतं, कर्ण्याला नाही. हेच तर चौगुल्याला हवं होतं. बुवा सुरेख गायले. इतकं सुरेख मी पाच-सहा वर्षांत ऐकलं नव्हतं.
मग नळी लावली. अंतरा संपला की बुवा थांबतात, मी तिहाई वाजवतो, ती समेवर पडली की ते मुखडा उचलतात. आमची रीतच आहे. नळीवर बुवा थांबले, आणि पुढे काही नाही. नुसती खरखर. मग एकदम मुखडा.
चौ. म्हणाला, "हितं बुवा अडखळल्यागत वाटत्यात. कंपनीवाले काय म्हंतील?"
"अडखळलो न्हाय. ह्याच्यासाठी थांबलोय," बुवा म्हणाले. तेवढ्याने मला बरं वाटलं.
चौ. म्हणे, मेण तासलं की नळी पुन्हा कोरी. न थांबता गा, सलग. शनिवारी मुंबईला धाडायची आहे.
बुवा पत्र्याच्या कर्ण्यावरून बोट फिरवत राहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "दस्तगीर, न थांबता गाऊ?"
तबला उचलला नि घरी आलो. बावीस वर्षांत त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. विचारलं ते हे.

गुरु., १७
सकाळीच वखारीतला हमाल आला. बुवांचा निरोप: "दस्तगीर म्हनंल तसं करनार. न्हाय म्हनला तर नळी हाय तशी ऱ्हाऊ दे."
वा. म्हणजे सगळं माझ्या डोक्यावर. नाही म्हणालो, तर बुवा अडखळतात असं मुंबई म्हणणार आणि मी त्यांची वाट अडवली असं गाव उभा जन्म म्हणणार. हो म्हणालो, तर त्या नळीपुरता मी कधी नव्हतोच. दाराआडसुद्धा नाही.
चौगुल्याचा राग करणं सोपं होतं.
हमाल ओट्यावर बसलाय. त्याला पाणी दिलं, गूळ दिला. दोनदा म्हणाला, "पावणं, काय सांगू बुवास्नी?" थांब म्हटलं.