मनी अजून पिठाच्या डब्यावर

प्रिय सृष्टी,

घाबरू नकोस, सगळे ठणठणीत आहेत. उलट आज इतका आनंद झालाय, की गॅसवरचा चहा दोनदा उतू गेला! किशोरदादा हे पत्र हातात आणून देईल. फोन करता आला असता, पण तुझा आवाज ऐकून माझी बोबडी वळली असती.

माझा गुडघा बदलायचाय. पुढचे सहा महिने किशोरकडे हिंजवडीत मुक्काम, आणि नातवाला दमा. मांजर चालणार नाही. म्हणून किशोरने फेसबुकवर जाहिरात टाकली: ‘मनी, वय सात वर्षं, मु. माले, ता. मुळशी. प्रेमाने सांभाळणाऱ्यास देणे आहे.’ खाली माझा नंबर.

काय एकेक नग भेटले! पहिल्याने लिहिलं, ‘मला तुमचे पैसे फार आवडले. तुमचे पैसे शाकाहारी आहेत का?’ त्याच्या मशीनने मनीचं भाषांतर केलं होतं! मग लष्करातल्या एका साहेबांचा मेसेज आला. ते गाडी पाठवणार, फक्त पिंजऱ्याचे दीड हजार आधी मी भरायचे, नंतर परत मिळणार. खोटं कशाला बोलू, मी भरायलाच बसलो होतो. शेजारची चंद्राबाई कडाडली, “मांजर बी आपलं न् पैसं बी आपलंच? आप्पा, त्यो मनी न्यायला न्हाई, तुमास्नी न्यायला आलाय!” मी साहेबांना कळवलं, स्वतः येऊन बघा. साहेब गायब. तेव्हापासून माझा कायदा ठरला: जो स्वतः येत नाही, तो लबाड. त्या कायद्याने आणखी अकरा जण गळाले.

हसत होतो खरा, पण ऑपरेशन जवळ आलं आणि मनीला घर नाही. ती पायात घोटाळायची आणि मला चोरट्यासारखं वाटायचं.

काल भोरच्या कुणा गंगूबाईंचा मेसेज आला. पैशाचं अवाक्षर नाही, नुसते प्रश्न. दूध पचतं का, फटाक्यांना घाबरते का. मी खूश! आणि शेवटी, ‘ती अजून पिठाच्या डब्यावरच झोपते का?’

पोरी, ‘अजून’! जाहिरातीत डबाच नव्हता. भोरच्या बाईला माझ्या स्वयंपाकघरातला डबा कसा ठाऊक? इतके लबाड पकडले, पण ही लबाडी पकडली आणि मी चंद्राबाईसमोर ढसाढसा रडलो.

हो, अजून तिथेच झोपते. तू आपल्या मनाने लग्न केलंस, मी आलो नाही, दोन वर्षं फोन उचलला नाही. चूक माझी होती. एवढं लिहायलाच हे पत्र. मनी तुझीच आहे, पण कायदा तो कायदा: गाडी पाठवायची नाही, माणूस पाठवायचा नाही. रविवारी जावईबापूंना घेऊन स्वतः ये. नाही आलीस, तर तुझंही नाव लबाडांत घालीन, गंगूबाई.

तुझी वाट बघणारा, तुझाच
आप्पा