गल्लीतले भिकनआबा

२ फेब्रुवारी, रविवार
दुकान बंद. दिवसभर कॉम्प्युटरवर, गल्लीत. नळाचा चौथरा एकदाचा जमला. धुळ्यातली खरी गल्ली रस्तारुंदीत गेली. ही मी आणि मितालीने जळगावात बसून, जुन्या फोटोंवरून त्या ऑनलाइन गेमच्या जगात उभी केलेली. कोणीही येऊन फिरतं. पुण्याहून, सुरतेहून जुनी माणसं येतात, आपापल्या दारात उभी राहतात. मिताली म्हणाली, "पप्पा, लोक घरं बघतात, पण थांबतात आबांपाशी."
खरंय. भिकनआबा इस्त्रीवाले, तेही मीच गेममध्ये केलेले. इस्त्री बाजूला ठेवून पाय ओढत कोपऱ्यापर्यंत जातात, परत येतात. समोर येईल त्याला विचारतात, "कोना शे रे तू?" म्हणजे कोणाचा. आवाज माझाच. त्यांची नक्कल मला लहानपणापासून जमते.
बायकोने विचारलं, "त्यांच्या घरच्यांना विचारलंत का?" म्हटलं, आबा जाऊन किती वर्षं झाली, आता कोण असणार? विषय तिथेच.

५ फेब्रुवारी, बुधवार
फ्लेक्सची घाई. डबा उघडला आणि फोन. "मी भिकन इस्त्रीवाल्यांची मंगला. यावलकडे असते, अंगणवाडीत." नळावर दोन वेण्या घालून उभी राहणारी मंगला! मी खुशीत बोलायला लागलो. तिने मधेच थांबवलं. मग म्हणाली, "भाऊ, माझ्या मुलाच्या मोबाइलवर व्हिडिओ आला. पोरं आबांना गच्चीवर नेतात, ढकलून देतात. आबा पडतात, उठतात, परत विचारतात, कोना शे रे तू. पोरं हसतात. परत ढकलतात."
मला माहीत नव्हतं. म्हणजे, धक्का दिला तर पडतात हे माहीत होतं. मीच तसं ठेवलेलं, जिवंत वाटावेत म्हणून.
"बघतो ताई." म्हणालो, डबा झाकला.
संध्याकाळी मितालीने व्हिडिओ शोधला. शेवटपर्यंत बघवला नाही. पडताना ओरडतो तो माझा आवाज.
आबांना काढून टाकलं. चाल, आवाज, इस्त्रीचं टेबल, सगळंच. मिताली म्हणत होती, "पप्पा, एक कॉपी ठेवा." ऐकलं नाही. मला लवकर मोकळं व्हायचं होतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
मंगलाताईला कळवलं, काढले म्हणून. उत्तर नाही. सुटलो, असं वाटलं. आज दोन घास जास्त गेले.

९ फेब्रुवारी, रविवार
तिचा फोन. "काढलं कशाला भाऊ? मी कुठे म्हटलं काढा?"
अंगणवाडी सुटली की ती मुलाचा मोबाइल घेऊन गल्लीत जायची. आबांसमोर उभी राहायची. "ते विचारायचे, कोना शे. मी म्हणायची, तुमनी मंगली शे आबा. मग बठ्ठं सांगायची, घरचं, दारचं, सगळं. ते खरे नाहीत हे कळतं मला. एवढी येडी नाही मी." मग म्हणाली, "आमच्याकडे त्यांचा उभा फोटोसुद्धा नाही. मतदार कार्डावरचा तेवढा."
ढकलणं बंद व्हावं, एवढंच तिला हवं होतं. किती किरकोळ काम. आबांना ठेवताना तिला विचारलं नाही, काढतानाही नाही. बायकोला यातलं काही सांगितलं नाही. ती बोललीच असती आणि...

१६ फेब्रुवारी, रविवार
आठवडाभर आबा नव्याने करतोय. पहिल्यांदा मजेत झाले होते. आता प्रत्येक पाऊल परत परत बघतो. आवाज तीनदा पुसला. कसाबसा दिला. आता कोणी कितीही ढकललं तरी जागचे हलत नाहीत. मंगलाताईला लिंक पाठवली.
तिचं उत्तर: "आवाज बरोबर शे. चालतो तो दुसराच माणूस आहे. कोणीही लंगडा."
मितालीलाही तसंच वाटतं. मला आधीची चाल नीट आठवत नाही. कोणता पाय, हेसुद्धा दोनदा बदललं. आणि लोकांना सांगत होतो, आपली गल्ली मला पाठ आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार
यावल. एसटीने गेलो. रस्त्यात केळीच्या ट्रकांमुळे उशीर. माफीची वाक्यं बसमध्ये जुळवली होती. अर्धं बोललो, तेवढ्यात ती म्हणाली, "चहा गार होतोय."
मग उठली, पदर खोचला. "डावा पाय. पण ओढायचे नाहीत ते, लोकांना तसं वाटायचं. आधी टाच टेकायचे, जरा थांबायचे, मग कंबरेतून पाय पुढे. दुखायचं ना." आणि अंगणात चालायला लागली. भिंतीपर्यंत, परत. शेजारची बाई कपडे वाळत घालता घालता बघत राहिली. ताईने तिकडे पाहिलंही नाही. खांदासुद्धा आबांसारखाच पडत होता.
"घ्या ना व्हिडिओ."
घेतला. मागून, बाजूने, परत समोरून. तिला धाप लागलेली दिसत होती. थांबा म्हणालो नाही. चाल नीट यायला हवी होती.
निघताना विचारलं, "ताई, आबांना गल्लीत ठेवू का? सगळ्यांना दिसतील असे?"
तिने कपबशा विसळून पालथ्या घातल्या.
"आधी मला एकटीला दाखवा," म्हणाली. "मग सांगते."