एकसंध डिस्क

आप्पा, आज नवी हार्ड डिस्क जोडली आणि फॉरमॅट कोणत्या पद्धतीने करायचं, असं कॉम्प्युटरने विचारलं. बोट तसंच राहिलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण हा प्रश्न समोर आला की मी आपल्या श्रीगोंद्याच्या टायपिंग क्लासात जाऊन उभी राहते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. टाइपरायटर मागच्या खोलीत गेले होते, पुढे एकच कॉम्प्युटर, आणि त्यात तुम्ही लोकांना लिहून दिलेले तहसीलचे अर्ज. अर्ध्या पानाचा एकेक अर्ज, प्रत्येकाची वेगळी फाइल. डिस्क भरली म्हणून तुम्ही नगरहून मोठी आणली होती.

"तायडे, ये, बस इथं," असं तुम्ही म्हणालात आणि मी भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आले. खुर्ची तुम्ही तिच्यासाठी ओढली होती. काष्टीहून सकाळच्या एसटीने क्लासला येणारी, माझ्याच वयाची ती. तिलाही तुम्ही तायडे म्हणायला लागला होतात हे मला तेव्हा कळलं.

डिस्कवर जागेचे ठरावीक खण असतात आणि फाइल कितीही लहान असली तरी एक अख्खा खण अडवते. जुन्या पद्धतीत, फॅट सोळामध्ये, खण मोठे होते आणि एवढ्या डिस्कचे दोन भाग करावे लागणार होते. नव्या फॅट बत्तीसमध्ये खण लहान, डिस्क एकसंध. "सर, आपले अर्ज लई बारके हायेत," ती म्हणाली. "मूठभर हरभऱ्याला अख्खी कणगी कशाला अडवायची?" तुम्ही मांडीवर थाप मारून हसलात. "डोकं हाय बरं का पोरीला!" मग माझ्याकडे वळून, "तुझं काय म्हननं?"

"जुनीच ठेवा. दोन भाग करा."

"का गं?"

"असंच."

असंच नव्हतं, आप्पा. मशीन अडलं की ते सुरू करायला तुम्ही जी जुनी फ्लॉपी घालायचात, पहिल्या दसऱ्याला कॉम्प्युटरबरोबर पूजेला ठेवलेली, कडेला कुंकू लागलेली, तिला नव्या पद्धतीची डिस्क वाचताच येणार नव्हती. हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण तिचं तुम्ही कारणासकट ऐकलंत, माझं विनाकारण ऐकावं असा माझा हट्ट होता. तिने नवी पद्धत निवडली आणि तुम्ही तिच्या पाठीवर हात ठेवलात. तो हात मला अजून दिसतो.

अर्ज नव्या डिस्कवर आले आणि जुनी तुम्ही विकून टाकलीत. पंधरवड्यात वीज जाऊन आली आणि मशीन सुरू होईना. तुम्ही कुंकवाची फ्लॉपी घातलीत. पडद्यावर आलं, अशी डिस्कच नाही. तुमचा चेहरा उतरतो, ती ओढणीचं टोक चावते, आणि मी दारात उभी आहे. अर्ज सगळे जागेवर आहेत, नवी विंडोज टाकताना बनवलेली दुसरी फ्लॉपी टेबलाच्या खणात आहे, ती घातली की सगळं दिसेल, हे मला माहीत आहे. "सर, माझ्यामुळं झालं," ती म्हणते. मी तोंड उघडत नाही. दुपारी तुम्ही जुन्या फ्लॉपीवरूनच डिस्क पुसलीत, दोन भाग केलेत, आणि मग लोकांना पुन्हा बोलावून, पुन्हा विचारून अर्ज लिहीत बसलात. तिला तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. तीच यायची बंद झाली. तुमच्या दहाव्याला मात्र आली होती, मागच्या रांगेत बसून माझ्यापेक्षा जास्त रडली, आणि तेही मला सोसलं नाही.

डिस्क पुसलीत त्या संध्याकाळी जेवताना तुम्ही म्हणालात, "तायडे, तुझंच बरोबर हुतं." हात थांबवून, माझ्याकडे बघून. तेवढ्याचसाठी मी गप्प बसले होते, आणि मला ते मिळालं. तिचा पत्ता शोधला तर सापडेल, तिला खरं सांगता येईल. तुम्हाला सांगायला हे पत्र आहे, ते तुमच्यापर्यंत पोचायचं नाही. पण आप्पा, तिला खरं सांगितलं की तुमचं ते वाक्य परत करावं लागेल, आणि मला ते परत करायचं नाही.