पिंपातलं डाळिंब

लालबाग,
१० नोव्हेंबर २०२४

चि. प्रिती हिस,
चंपाबाईचा जय भीम.

मी बरी आहे. गुडघा दुखतो, तो तू होतीस तेव्हाही दुखायचा. अक्षता आता पाचवीत असेल. फोन करणार होते. पण तू नुसतं हॅलो म्हणालीस तरी माझ्या तोंडून वाकडंच निघेल. लिहिलेलं खोडता तरी येतं.

विषय डाळिंबाचा आहे. माझ्या अजितने गच्चीवर निळ्या पिंपात लावलेलं. तो गेल्यावर तूच ते वाढवलंस. बुंध्याभोवती झेंडू, सब्जा, चवळी, काय काय लावलंस. मी म्हणायचे, एका पिंपात किती तोंडांना भरवणार?

तू दुसऱ्या लग्नाची पत्रिका द्यायला आलीस. मी तोंड फिरवलं. तू पोरीला घेऊन जिना उतरलीस, आणि मी वर जाऊन ते सगळं उपटून टाकलं. म्हटलं, झाड आमचं आहे, बाहेरचं कुणी नको.

दोन वर्षं लालभडक फुललं. नुसतं शोभेला. चाळीतल्या पोरी फोटो काढायच्या. पण एक फळ धरेल तर शपथ. फुलं गळून खाली, पानांवर मावा. शेजारची कमलाबाई म्हणाली, "सब्जा उपटलास, आता मधमाशा काय तुझं तोंड बघायला येणार? सून शहाणी होती गं." तिला म्हटलं, गप बस. दुसऱ्या दिवशी बाजारातून बी घेऊन आले.

यंदा तुझ्यासारखंच लावलंय. चवळी बुंध्यापासून किती लांब पेरायची ते कळेना, विचारणार कुणाला? तरी उगवली. शेंगांची भाजी केली, एकटीला जास्त झाली.

तीन डाळिंबं धरली. दोन खारीने खाल्ली. तिसऱ्याला फडकं बांधलंय. सहा डिसेंबरला तू दादरला येतेसच, कधी चुकवत नाहीस. तोवर पिकेल. दादरहून लालबाग काही लांब नाही. अक्षताला दाणे सोलून लागतात, मी सोलीन.

तुझ्या नवऱ्यालाही आण. मयूर ना? उंच आहे म्हणतात. आपल्या जिन्यावर तुळई खाली आलीय, वाकून ये म्हणावं. अजित रोज डोकं आपटायचा.

पत्ता त्या पत्रिकेवरूनच घेतला. फाडली नव्हती.

खाली 'सासू' लिहून खोडलंय. जागा सोडलीय, तू भर.

तुझी ............
चंपा