माहा ढावलो अन् याची मशीन

६ एप्रिल, सोमवार
आजही हा माहा नवरा कानाले डबडे लावून ओट्यावर. पुण्याहून येऊन चार महिने झाले. चोवीस वर्षं तिथल्या एका हाटेलात लोकाईले नाचवलं. आता नवीन पोरं आले, तं मालक म्हणे, काका, आराम करा. आराम इथं, माह्या डोक्यावर.
म्हणते मी साधा डीजे नोहो, मी गाण्यात गाणं कालवतो. कव्वालीत हलगी, हलगीत विलायती काहीतरी. मी म्हणलं, भाजीत बेसन कालवते तसं का? तोंड फिरवलं.
आमच्या कवितीचं लग्न २६ ले. वरात उमरखेडकडची. आर्णीचा डीजे सांगून ठेवला मी. याचं एकच, माह्या पोरीच्या लग्नात दुसरा वाजवन काय.

९ एप्रिल
कटकट नको म्हणून सांगतलं, रविवारी पुतण्याची हळद हाय, तिथं वाजवून दाखवा. तांड्याले आवडलं तं कवितीचंही तुमीच वाजवा.
तवापासून जेवणाची शुद्ध नाई. खाटेवर सगळ्या वायरी. तिथं माहे पापड वाळाचे होते. अंगणात नेले, कोंबड्यांनी तुडवले. कलाकार म्हणे!

१२ एप्रिल, रविवार
हळद दुपारी होती. अर्धा तास कोणी हाललं नाई. एक पोट्टा म्हणे, काका, दवाखान्यातली मशीन वाजून राह्यली का? मले बरं वाटलं. उतरली म्हणलं याची मस्ती.
मग बाईचा आवाज आला. ढावलो. पोरगी सासरी निंगताना एकेकाच्या गळ्यात पडून गात गात रडते, तो. अन् खालून धडधड. पोट्टे उठले, नाचाले लागले. बुढ्या एकमेकीकडे पाहून राह्यल्या. मले वाटलं कोणाची पोरगी हाय, गळा चांगला हाय.
मग तिनं माह्या बाचं नाव घेतलं.
मीच होती ते. आमच्या लग्नात यानं टेपरेकॉर्डर आणलता मिरवाले. त्यात मी भरल्या गेली, मले कुठं माहीत.
बाचं नाव आलं की धडधड वाढे. पोट्टे शिट्ट्या मारत.
सासूनं वायर उपटली. लेकाले म्हणे, "रडणं हाय ते. नाचाचं नाई." बुढ्या न जेवता उठून गेल्या.

१३ एप्रिल
तांड्याचा नायक सकाळीच दारात. म्हणे रडण्यावर नाचणं आपल्यात होत नाई. यानं लग्नात मशीनले हात लावला तं बुढ्या मांडवात पाय ठेवत नाई.
तो गेल्यावर विचारलं, कायले केलं हे. तं म्हणते, पुण्यात पहिल्या वर्षापासून वाजवतो. शनिवारी, शेवटी. लोक डोळे मिटून नाचत. "तिथं कोणाले समजे व? मले एकट्याले समजे."
होळीले चार दिवस येणारा माणूस. मी इथं सोयाबीन सोंगत होती अन् तिथं माहं रडणं चालू. पिलेल्या लोकाईले माह्या बाचं नाव पाठ झालं असन.
भाकर टाकली समोर.

१७ एप्रिल
कविती रुसून बसली. तिले बाच पाहिजे वाजवाले. अन् ढावलोची एक ओळ येत नाई तिले. आताच्या पोरी फोटोपुरतं ऊं ऊं करतात. म्हणे, "याडी, मले तुह्यावालाच शिकाचा हाय."
याले म्हणलं, ती धडधड काढून द्या पोरीले. म्हणते निंगत नाई. टेप कवाच तुटली, कालवलेलं तेवढंच उरलं.
चोवीस वर्षं हेच शिकला. कालवता येते, निवडता येत नाई.

२० एप्रिल, सोमवार
सासू म्हणे, रडणं तुहं हाय, तूच सांग लग्नात याले वाजवू द्याचं का नाई. नायकही तेच म्हणते. बुढ्या माहं ऐकतीन म्हणे. सगळ्याईनं हात झटकले. उद्या सकाळी सांगाचं हाय.
वावरात एकटी कपाशीची पऱ्हाटी उपटत होती. म्हणून पाह्यला ढावलो, कवितीले शिकवावं म्हणून. बाच्या नावापर्यंत आला. पुढचं नाई. दोनदा सुरवातीपासून घेतला, तिथंच अडकते. बा जाऊन किती वर्षं झाले, अन् माय त्याच्याही आधी. कोणाले विचारू.
पुढचं याच्या मशीनात हाय.
नायकाले हो म्हणा का नाई म्हणा, त्याच्याआधी याले म्हणा लागते, लावा एकदा. तेवढंच तोंडातून निंगून नाई राह्यलं.